गोठ्यात कालवड, घरात कुलदीपक

दक्षिण बंगळुरूतलं जे. पी. नगर म्हणजे जयप्रकाश नारायणांच्या नावाने वसलेली वस्ती. एकामागून एक फेज वाढत गेल्या आणि त्यांच्याबरोबर दवाखानेही वाढले. इथल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात शिरा, भिंतीवर एक पाटी असतेच. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. गर्भाचं लिंग इथे सांगितलं जात नाही, सांगणं हा गुन्हा आहे, अशा अर्थाची. कायद्यानेच ती लावणं भाग आहे. संगणकाच्या नोकरीपायी ह्या भागात स्थायिक झालेल्या मराठी घरांत सुनेच्या बाळंतपणासाठी कोल्हापूर-सोलापूरहून सासूबाई येतात. त्यांना कन्नड वाचता येत नाही. पण पाटीत काय लिहिलंय हे कुणी सांगावं लागत नाही. गावाकडे तीच पाटी मराठीत टांगलेली असते.

पाटी बोलते ती गर्भाबद्दल. घराघरांत कुजबुजला जाणारा प्रश्न मात्र त्याच्याही आधीचा असतो. दिवस राहण्यापूर्वीच काही करता येतं का? पुरुषाच्या वीर्यात मुलाचे आणि मुलीचे शुक्रजंतू नेहमी निम्मे-निम्मेच असतात, की खाण्यापिण्याने, वयाने, काळजीने, एखाद्या विषाने किंवा नुसत्या तारखेने ते पारडं कलतं? शास्त्रज्ञ हा प्रश्न शंभर वर्षं चघळताहेत. बुवा-वैद्य तर त्याच्याही कितीतरी आधीपासून.

आधी मुळाशी जाऊ. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, एकूण ४६. (हा साधा आकडासुद्धा नक्की व्हायला १९५६ साल उजाडावं लागलं. तोवर पुस्तकांत ४८ छापलं जात होतं.) तेविसावी जोडी लिंगाची. बाईत एक्स-एक्स, पुरुषात एक्स-वाय. स्त्रीबीजात नेहमीच एक्स असतो, तिच्याकडे द्यायला दुसरं काही नाही. शुक्रजंतूत मात्र एक्स तरी असतो किंवा वाय तरी. एक्सवाला पोचला तर मुलगी, वायवाला पोचला तर मुलगा. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स ह्या अमेरिकन संशोधक बाईंनी पिठातल्या भुंगेऱ्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. नराच्या एका जोडीतलं एक गुणसूत्र चिमुकलं आहे आणि निम्म्या शुक्रजंतूंत ते चिमुकलं जातं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्याच वर्षी एडमंड विल्सन ह्यांनीही तेच दाखवलं. म्हणजे मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावण्यातला शास्त्रीय आधार शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच गेला. बोल लावणं काही गेलं नाही.

आता निम्मे-निम्मे का? वृषणात एक पेशी दोनदा विभागते आणि चार शुक्रजंतू होतात. हिशेब सरळ आहे, दोन एक्सचे आणि दोन वायचे. पेशीला पक्षपात करायला जागाच नाही. गुणसूत्राला चमकणारा रंग चिकटवून एकेक शुक्रजंतू मोजण्याची पद्धत हाती आल्यावर हजारोंनी मोजदाद झाली आणि आकडा पन्नासच्या आसपासच घुटमळत राहिला. ज्यांना तीन किंवा अधिक मुलीच झाल्या, किंवा सगळे मुलगेच झाले, अशा पुरुषांचं वीर्यही तपासून झालं. तिथेही लक्षणीय फरक सापडला नाही. आणि सापडायलाच हवा असंही नाही. नाणं तीनदा उडवलं तर आठातून एकदा तिन्ही वेळा छाप पडते. तीन अपत्यांच्या दर आठ घरांत एखादं घर तीन मुलींचं असणारच. त्यात कुणाचं रक्त, कुणाचा नवस, कुणाची पत्रिका असं काहीच नसतं.

तरीही एक शंका उरते. तयार झालेले शुक्रजंतू निम्मे-निम्मे असले तरी वायवाले हलके म्हणून जोरात पळत असतील, एक्सवाले जड म्हणून रेंगाळत असतील, असं का नसावं? हेच अमेरिकेतल्या लँड्रम शेटल्स ह्या डॉक्टरांनी साठच्या दशकात ठासून सांगितलं. १९७० मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि ते प्रचंड खपलं. स्त्रीबीज सुटण्याच्या दिवशीच संबंध आला तर मुलगा, दोन-तीन दिवस आधी आला तर मुलगी, असा त्यांचा हिशेब. ऐकायला पटतं. कितीतरी जोडप्यांनी कॅलेंडरवर खुणा केल्या. पुढे संगणकाने शुक्रजंतूंचा वेग आणि आकार मोजला गेला तेव्हा एक्स आणि वाय ह्यांच्यात असा काही फरक दिसेना. १९९५ मध्ये अॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ह्या बायकांनी रोजची लघवी तपासणीला दिली होती, त्यामुळे स्त्रीबीज कोणत्या दिवशी सुटलं हे नेमकं कळत होतं. निष्कर्ष असा, की दिवस राहतात ते स्त्रीबीज सुटण्याचा दिवस धरून आधीच्या सहा दिवसांतच. त्या सहांपैकी कोणता दिवस होता ह्याचा मुलगा-मुलगीशी संबंध दिसला नाही.

हे सहा दिवस लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण आपल्याकडचा एक मोठा वाद त्यावरच येऊन ठेपतो. फेब्रुवारी २०२० मध्ये कीर्तनकार निवृत्ती देशमुख, म्हणजे अवघ्या महाराष्ट्राचे इंदुरीकर महाराज, ह्यांच्या कीर्तनाची एक चित्रफीत गाजली. सम तारखेला स्त्रीसंग झाला तर मुलगा, विषम तारखेला झाला तर मुलगी, असं त्यात होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी तक्रार केली, महाराजांनी दिलगिरी व्यक्त केली, पण प्रकरण संगमनेरच्या न्यायालयात गेलंच. सत्र न्यायालयाने २०२१ मध्ये ते रद्द केलं. जून २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने खटला पुन्हा उभा केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. दोषी की निर्दोष हा न्यायालयाचा प्रश्न. विधानाचा खरेखोटेपणा मात्र कुणालाही घरबसल्या तपासता येतो.

मुळात ही कल्पना महाराजांची नव्हेच. मनुस्मृतीत आणि जुन्या वैद्यकग्रंथांत ती आहे. फक्त तिथे मोजायच्या त्या ऋतुकाळाच्या रात्री, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या उतरताना रात्रींच्या तारखा झाल्या. आता तारखेचा हिशेब करून पाहा. एकतीस विषम, आणि दुसऱ्या दिवशीची एकही विषमच! निसर्गाने काय दर दोन महिन्यांनी मुलींना एक दिवस जास्त द्यावा? बरं, रात्री धरल्या तरी गाडी अडतेच. शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. सम रात्री संबंध आला आणि बीज तीन दिवसांनी सुटलं तर फळणं विषम रात्रीचं झालं. मग मानायची कोणती? ह्या प्रश्नाला कुठल्याच पोथीत उत्तर नाही, कारण बीज कधी सुटतं हे पोथी लिहिणाऱ्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

तरी असले तोडगे टिकतात. का टिकतात, हेही सोपं आहे. ते निम्म्या वेळा खरे ठरतात! शंभर जणींना पुडी दिली तर पन्नासेक जणींना मुलगा होतोच. त्या पेढे घेऊन येतात. उरलेल्या परत येत नाहीत.

मग एक्स आणि वाय खरोखर वेगळे काढताच येत नाहीत का? येतात. आणि ते सिद्ध झालं गोठ्यात.

एक्स गुणसूत्र मोठं, वाय लहान. त्यामुळे एक्सवाल्या शुक्रजंतूत जनुकद्रव्य थोडं अधिक असतं. माणसात हा फरक जेमतेम २.८ टक्के, बैलात सुमारे ३.८ टक्के. एवढ्याशा फरकावर अमेरिकेच्या कृषी खात्यातले लॉरेन्स जॉन्सन ह्यांनी पकड बसवली. जनुकद्रव्याला चिकटणारा एक रंग वीर्यात मिसळायचा आणि एकेक शुक्रजंतू लेझर किरणासमोरून सोडायचा. एक्सवाला किंचित जास्त चमकतो. यंत्र त्या क्षणी त्याच्या थेंबाला विजेचा एक भार देतं, वायवाल्याच्या थेंबाला उलटा भार देतं, आणि दोन पट्ट्यांमधून जाताना थेंब आपापल्या बाजूला ओढले जाऊन वेगवेगळ्या नळ्यांत पडतात. धान्य पाखडावं तसं, पण सेकंदाला हजारोंच्या वेगाने. १९८९ मध्ये अशा निवडलेल्या शुक्रजंतूंपासून सशाची पिल्लं जन्माला आली. मग गाई.

दूधवाल्याला हवी असते कालवड. गोऱ्ह्याचं आता करायचं काय? शेतात ट्रॅक्टर आला, बैलाचं काम उरलं नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, म्हणजे नको असलेला गोऱ्हा विकायचीही वाट बंद. तो एकतर पोसायचा किंवा मोकाट सोडायचा. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये 'बाएफ'ची स्थापना केली आणि गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या दारात नेण्याची व्यवस्था उभी राहिली, तेव्हापासून मराठी शेतकऱ्याला कृत्रिम रेतन नवं नाही. बंगळुरूच्या कडेला हेसरघट्टा इथे केंद्र सरकारची गोठित वीर्य तयार करणारी संस्था आहे. पण साध्या रेतमात्रेतून कालवड की गोऱ्हा हे दैवावरच होतं. निवडक मात्रा, जिला गावोगाव 'सेक्स्ड सीमेन' म्हणतात, तिची यंत्रं आणि पेटंट परदेशी, त्यामुळे किंमत शेतकऱ्याच्या डोक्यावरून जाणारी. ह्यावर देशी तोड काढण्यात बंगळुरूचा हात लागला. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या डेअरी सर्व्हिसेस कंपनीने बंगळुरूच्याच 'जीवा सायन्सेस'बरोबर स्वतःचं तंत्र विकसित केलं. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला तो आपल्या वाशिममध्ये. मात्रेमागे सुमारे २०० रुपये वाचतील असं तेव्हा सांगण्यात आलं. अशा मात्रेतून दहापैकी नऊ वासरं कालवडी होतात.

गोठ्यात नऊ माद्या झाल्या की घरधनी खूश, आणि त्याच घरात ओसरी ओलांडून आत गेलं की हिशेब उलटा. हा विरोधाभास कुणा विनोदी लेखकाने रचलेला नाही. ज्या तालुक्यांत दूध जास्त, त्यातल्या कितीतरी तालुक्यांत मुली कमी.

यंत्राचं सोडा. निसर्गतः पारडं कधीच कलत नाही का? इथे मात्र शास्त्रज्ञांचं उत्तर सरळ 'नाही' असं नाही, आणि हीच ह्या विषयातली सगळ्यात विचार करायला लावणारी बाजू आहे.

१९७७ साल. कॅलिफोर्नियात कीडनाशकं बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या बोलण्यात आलं, की आपल्यापैकी कुणालाच हल्ली मूल होत नाही. तपासणी झाली तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू नाममात्र किंवा शून्य निघाले. दोषी ठरलं 'डीबीसीपी' नावाचं रसायन. केळीच्या आणि अननसाच्या मळ्यांत मुळांना लागणारे सूत्रकृमी मारायला ते वापरत. इस्रायलमध्येही ह्या रसायनाच्या कामगारांची पाहणी झाली. त्यातले काही जण पुढे सावरले, त्यांना मुलं झाली. पण त्यांत मुली जास्त आणि मुलगे कमी.

दुसरी गोष्ट इटलीतली. १० जुलै १९७६ रोजी मिलानजवळच्या सेवेसो गावावर एका रसायन कारखान्यातून विषारी ढग पसरला. त्यात डायॉक्सिन होतं. कोंबड्या, ससे पटापट मेले, मुलांच्या अंगावर फोड उठले. पाओलो मोकारेल्ली ह्या डॉक्टरांनी गावकऱ्यांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. एप्रिल १९७७ ते डिसेंबर १९८४ ह्या काळात सर्वांत जास्त झळ बसलेल्या भागात ७४ मुलं जन्मली. त्यांत मुलगे २६ आणि मुली ४८. पुढे २००० मध्ये त्यांनी आणखी बारकाईने दाखवलं, की फरक पडतो तो बापाच्या रक्तातल्या विषाने, आईच्या नव्हे. आणि ज्या बापांना एकोणीस वर्षांच्या आत ती बाधा झाली, त्यांच्याकडे मुलगे सर्वांत कमी. म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात अंगात गेलेलं विष पंधरा वर्षांनी पाळण्यात दिसलं.

पण हे सगळं जन्मलेल्या मुलांच्या गणतीवरून. वायवाले शुक्रजंतूच कमी झाले की मुलग्यांचे गर्भ टिकले नाहीत, हे त्यातून कळत नाही. थेट शुक्रजंतू मोजले ते स्वीडनमधल्या एका गटाने. २००५ मध्ये त्यांनी १४९ कोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाल्टिक समुद्रातल्या मासळीत जुनी, सहजासहजी न विघटणारी क्लोरीनयुक्त रसायनं साठतात. आपल्या ओळखीच्या डीडीटीचा अवशेष त्यांतलाच एक. ज्यांच्या रक्तात ही रसायनं अधिक, त्यांच्या वीर्यात वायवाले शुक्रजंतू किंचित अधिक निघाले. सेवेसोच्या अगदी उलट! पुढच्या वर्षी पाहणी आणखी देशांत नेली तेव्हा पोलंडमध्ये कल उलटा दिसला. फरक होता तो एखाद्या टक्क्याचा. वर्तमानपत्रात मथळा व्हावा एवढा, पण कुणा एका घरात मुलगा होईल की मुलगी हे सांगायला पूर्ण निरुपयोगी.

भूकंपाचंही असंच. १७ जानेवारी १९९५ ला जपानमधलं कोबे शहर हादरलं. बरोबर नऊ महिन्यांनी तिथे मुलग्यांच्या जन्माचं प्रमाण घटलेलं दिसलं आणि त्या काळात पुरुषांच्या शुक्रजंतूंची हालचालही मंदावलेली आढळली. सिगारेट ओढणाऱ्या जोडप्यांना मुलगे कमी होतात, असं जपानी संशोधकांनी २००२ मध्ये मांडलं; इतरांना ते तसं सापडलं नाही. ताण, विष, धूर ह्या सगळ्यांचा रोख पाहिला तर एक गंमत दिसते. पारडं कललंच तर बहुतेक वेळा ते मुलीकडे कलतं. मुलगा हवा म्हणून खाल्लेल्या औषधाने ते मुलाकडे कललं, असा पुरावा मात्र कुठे नाही.

एक्स-वायमध्ये इतका थोडा फरक का, ह्याचंही सुंदर कारण आहे. शुक्रजंतू घडायला साधारण अडीच महिने लागतात आणि ह्या काळात शेजारच्या पेशी एकमेकींना बारीक पुलांनी जोडलेल्या असतात. एकीत बनलेली प्रथिनं दुसरीत जातात. एका पंगतीत वाढलेली भावंडंच ती. वायवाल्यालाही एक्सच्या जनुकांचा माल मिळतो. त्यामुळे बाहेर पडताना दोघं रूपाने, वेगाने सारखेच. ह्याला एक अपवाद २०१९ मध्ये हिरोशिमा विद्यापीठात सापडला. उंदरांमध्ये एक्सवाल्या शुक्रजंतूवर दोन विशिष्ट प्रथिनं असतात आणि एका रसायनाने त्यांना डिवचलं की एक्सवाले मंद होतात, वायवाले पुढे निघतात. लेझर नको, महागडं यंत्र नको, एक परीक्षानळी पुरे. शोध जनावरांसाठी म्हणून झाला. पण असली पुडी उद्या कुणाच्या हाती लागेल ह्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

जन्माच्या वेळी मात्र जगभर शंभर मुलींमागे सुमारे १०५ मुलगे असतात, हे जुनं निरीक्षण. मग निम्मे-निम्मे शुक्रजंतूंतून हे पाच जास्तीचे येतात कुठून? पूर्वी मानत, की गर्भ राहतानाच मुलगे कितीतरी जास्त असतात आणि मग गळतात. स्टीव्हन ऑरझॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तीन ते सहा दिवसांच्या सुमारे १ लाख ४० हजार भ्रूणांची माहिती आणि त्यापुढच्या टप्प्यांची आकडेवारी एकत्र मांडली. गर्भधारणेच्या क्षणी प्रमाण बरोबरीचं निघालं. पुढे कधी मुलगे जास्त गळतात, कधी मुली. शेवटच्या महिन्यांत मुलगे अधिक दगावतात हे खरं, पण सगळा जमाखर्च मांडला तर पोटात मुली किंचित जास्त गळतात. म्हणून जन्मताना मुलगे पाचाने पुढे.

आणि तरीही काही घरांत मुलीच मुली, काही घरांत मुलगेच मुलगे! स्वीडनमधल्या ४७ लाखांवर जन्मांची नोंद तपासून २०२० मध्ये संशोधकांनी सांगितलं, की मुलगे किंवा मुली होण्याचा गुण घराण्यातून उतरत नाही. तिकडे २०२५ मध्ये हार्वर्डच्या गटाने ५८ हजार अमेरिकन परिचारिकांच्या नोंदींवरून दाखवलं, की काही स्त्रियांच्या बाबतीत नाणं किंचित एका बाजूला जड असावं. उशिरा पहिलं मूल झालेल्यांमध्ये सगळी भावंडं एकाच लिंगाची असण्याचं प्रमाण थोडं अधिक दिसलं. 'आता मुलगाच होणार' किंवा 'आता मुलगीच होणार' असं मात्र त्यातून कुठल्याच बाजूने निघत नाही.

निसर्ग ह्या बरोबरीला इतका का चिकटून आहे, ह्याचं उत्तर रोनाल्ड फिशर ह्यांनी १९३० मध्ये दिलं होतं. माद्या कमी झाल्या की ज्यांना मुली जास्त होतात त्यांचा वंश जास्त पसरतो, कारण त्या मुलींना जोडीदार हमखास मिळतात. नर कमी झाले की उलट. तराजू आपोआप सरळ होतो. ह्या नियमातून सुटका करून घेणारे जीव आहेत, नाही असं नाही. कपाशीवर आणि द्राक्षावर पडणारा पिठ्या ढेकूण आपल्या शेतकऱ्यांच्या चांगला परिचयाचा. त्याच्यात लिंग ठरवणारं वेगळं गुणसूत्रच नसतं. नराच्या शरीरात बापाकडून आलेला गुणसूत्रांचा सगळा संच गुंडाळून निकामी करून ठेवलेला असतो आणि पुढच्या पिढीत तो जातच नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. एच. शरत् चंद्र ह्यांनी ह्या किड्याच्या गुणसूत्रांवर आणि पुढे माणसाच्या एक्सवर काम केलं, आणि ह्याच शहरात मानवी आनुवंशिकीचं केंद्रही उभं केलं. पिठ्या ढेकणाने कुळाचा दिवा हा प्रश्न मुळातूनच निकालात काढलाय!

माणसाने मात्र निसर्गाचा तराजू हाताने दाबायचं ठरवलं. दाबणाऱ्यांत महाराष्ट्र पुढे होता आणि रोखणाऱ्यांतही. मुंबईत ऐंशीच्या दशकात कार्यकर्त्यांनी जो मंच उभारला, त्याच्या नावातच गर्भलिंगनिदानाबरोबर गर्भधारणेपूर्वीच्या निवडीलाही विरोध होता. शुक्रजंतू चिकट द्रवातून पोहायला लावून वायवाले वेगळे काढण्याची रोनाल्ड एरिक्सन ह्यांची १९७३ ची पद्धत तेव्हा चर्चेत होती. (रंग लावून मोजल्यावर ती फारशी कामाची नसल्याचं पुढे दिसून आलं.) १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा झाला. पण त्यात गर्भ राहण्याआधीच्या निवडीचा उल्लेख नव्हता. 'सेहत', 'मासूम' आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ फेब्रुवारी २००३ पासून सुधारित कायदा लागू झाला. शुक्रजंतू निवडणं, तशी जाहिरात करणं, दोन्ही त्यात आलं. आपल्या कुटुंबात मुलगा असावा की मुलगी हे ठरवणं हा आमच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग, असं म्हणत एक दांपत्य मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. २००५ मध्ये न्यायालयाने ते अमान्य केलं. हा वाद निव्वळ कागदी नव्हे. अमेरिकेत लेझरची तीच गोठ्यातली पद्धत माणसांवर वापरली गेली आहे, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी घनतेच्या फरकावरून शुक्रजंतू वेगळे करून जोडप्यांना हव्या त्या लिंगाचे भ्रूण सुमारे ८० टक्के वेळा मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. कायदा नसता तर ही सोय बंगळुरू-पुण्यात यायला कितीसा वेळ लागला असता?

२०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या. बीडमध्ये ८०७. निसर्गाचा आकडा साडेनऊशेच्या घरात. ह्या फरकाला नैसर्गिक कारण शोधण्याचा एक प्रयत्नही झाला. एमिली ऑस्टर ह्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००५ मध्ये मांडलं, की आशियात कावीळ 'ब'च्या विषाणूमुळे मुलगे जास्त जन्मतात. दोषातून सुटका करणारं उत्तर होतं ते. तैवानमधल्या लाखो नोंदींनी ते टिकू दिलं नाही, आणि २००८ मध्ये खुद्द ऑस्टर ह्यांनीच आपलं म्हणणं मागे घेतलं. प्रामाणिकपणा म्हणायचा तो हा.

२१ डिसेंबर २०२२ ला सोलापुरात मुंडावळ्या बांधलेल्या, घोड्यावर बसलेल्या अविवाहित तरुणांची वरात वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर गेली. मागणी एकच, आम्हाला बायको मिळवून द्या. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातून लग्न न जमलेल्या शेतकरी तरुणांनी सुमारे शंभर किलोमीटर चालत मलेमहादेश्वराच्या डोंगरावर जाऊन नवस बोलला. शेतकरी नवरा मुलींना नको असतो, हे त्यातलं एक कारण आहेच. दुसरं कारण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुढे आलं. बंगळुरूच्या बैय्यप्पनहळ्ळी पोलिसांनी एक संशयास्पद गाडी अडवली आणि गर्भलिंगनिदानाची टोळी उघडकीला आली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार शेकडो गर्भपात झाले होते. सोनोग्राफीचं यंत्र ठेवलं होतं एका गुऱ्हाळात. गुऱ्हाळ मंड्या जिल्ह्यातलं. पदयात्रेला तेव्हा आठ महिने झाले होते.